तीन झाडांखालची माणसे : जुने अम्लरेखन पायरीपायरीने कसे वाचावे

डच चित्रकार रेम्ब्रांटचे ‘तीन झाडे’ हे १६४३ सालचे अम्लरेखन (एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र) मी प्रथम एका पुस्तकात, तळहाताएवढ्या आकारात पाहिले. तेव्हा मला उजवीकडच्या उंचवट्यावर उभी असलेली तीन काळी झाडे, डावीकडून तिरका कोसळणारा पाऊस आणि पाठीमागे पसरलेला सपाट मुलूख एवढेच दिसले. चित्रात माणसे आहेत, हे बऱ्याच वर्षांनी मोठ्या आकारातील प्रत पाहताना लक्षात आले. नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस, त्याच्याजवळ बसलेली बाई, दूरच्या कुरणात गुरे राखणारे लोक, उंचवट्याच्या माथ्यावरून जाणारी माणसांनी भरलेली गाडी, तिथेच पाठ फिरवून चित्र काढत बसलेला एक जण, आणि उजव्या कोपऱ्यातील झुडपाच्या अंधारात जवळजवळ अदृश्य झालेले प्रेमी युगुल. ज्या चित्राला मी ‘निसर्गचित्र’ म्हणत होतो, ते प्रवासाने आणि कामाने गजबजलेले होते.

असे चित्र वाचण्याची एक शिस्त आहे, आणि ती शिकता येते. या लेखात ती याच चित्राच्या आधारे मांडली आहे. माझे सांगणे एकच आहे : अर्थ शेवटी लावावा, आधी कागद पाहावा, मग रेषा पाहावी, मग माणसे मोजावीत. हा क्रम उलटला, की जे चित्रात नाही ते आपण त्यात पाहू लागतो आणि जे आहे ते नजरेतून सुटते.

तयारी फार लागत नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमसारख्या संग्रहालयांनी रेम्ब्रांटच्या अम्लरेखनांची मोठ्या आकारातील छायाचित्रे कोणालाही उतरवून घेता येतील अशी खुली केली आहेत. शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्राचे नाव चित्रकाराने दिलेले नाही, ते पुढे रूढ झाले आणि भाषेगणिक बदलते. क्रमांक मात्र बदलत नाही. ॲडम बार्त्श यांनी १७९७ साली रेम्ब्रांटच्या मुद्राचित्रांची (पत्र्यावरून छापलेल्या चित्रांची) सूची प्रसिद्ध केली. तिच्यात या चित्राचा क्रमांक २१२ आहे आणि आजही तो सर्वत्र दिला जातो. याखेरीज एक वही, एक भिंग आणि निदान एक तास मोकळा असावा.

पहिली पायरी : हातात नेमके काय आहे ते ठरवा

‘जुने एचिंग’ म्हणून जे समोर येते ते चार प्रकारचे असू शकते : चित्रकाराच्या हयातीत काढलेला ठसा, त्याच पत्र्यावरून त्याच्या मृत्यूनंतर काढलेला ठसा, दुसऱ्या कोणी नवा पत्रा कोरून केलेली नक्कल, किंवा छायाचित्रावरून छापलेली प्रतिकृती. चारही प्रकारांत चित्र ‘तेच’ असले, तरी त्यातून काढता येणारे निष्कर्ष सारखे नसतात.

प्रत्यक्ष कागद हातात असेल तर प्रथम चित्राच्या चारही कडांबाहेर पत्र्याची दाबखूण शोधावी. ओलसर कागद तांब्याच्या पत्र्यावर ठेवून तो रुळांच्या यंत्रातून जोराने दाबून काढतात, त्यामुळे पत्र्याएवढा भाग किंचित खोलगट होतो. मग कागद तिरका धरून पाहावे. खाचेतून वर आलेली शाई कागदावर अगदी थोडी उठून दिसते. भिंगाखाली रेषेऐवजी समान अंतरावरचे ठिपके दिसले, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई आहे. कागद उजेडासमोर धरल्यावर जाळीच्या बारीक समांतर रेषा दिसल्या, तर तो जुन्या पद्धतीने हाताने उचललेला कागद असण्याची शक्यता वाढते. मात्र दाबखूण दिसली म्हणून लगेच आनंदून जाऊ नये. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आमाँ-द्युराँ यांनी छायाचित्रणाच्या साहाय्याने तांब्याचे नवे पत्रे तयार करून रेम्ब्रांटच्या प्रतिकृती छापल्या, आणि त्यांच्यावरही दाबखूण असते.

मृत्यूनंतरच्या ठशांबाबत एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. रेम्ब्रांटच्या ‘शंभर गिल्डरचे चित्र’ या प्रसिद्ध अम्लरेखनाचा झिजलेला पत्रा कॅप्टन विल्यम बेली यांच्या हाती आला. त्यांनी त्यावर आपल्या हाताने रेषा पुन्हा गडद केल्या, १७७५ साली नव्या प्रती काढल्या आणि नंतर तो पत्रा कापून त्याचे चार तुकडे केले. त्या प्रतींतला चेहऱ्यावरचा भाव वाचताना आपण रेम्ब्रांटला वाचत असतो की बेलींना, असा प्रश्न पडावा इतका फरक त्यात आहे. म्हणूनच ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये.

पत्र्याच्या ‘अवस्था’ हाही याच पायरीचा भाग आहे. चित्रकार काही प्रती काढून पत्र्यात बदल करतो आणि पुन्हा प्रती काढतो. अशा प्रत्येक टप्प्याला अवस्था म्हणतात. रेम्ब्रांटच्या १६५३ च्या ‘तीन क्रूस’ या चित्राच्या अवस्था एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या आहेत, की सुरुवातीच्या प्रतीत स्पष्ट दिसणारी माणसे नंतरच्या प्रतीत काळोखात बुडून जातात. ‘तीन झाडे’ मात्र एकाच अवस्थेत ज्ञात आहे, म्हणून सुरुवातीच्या अभ्यासाला ते सोयीचे आहे.

दुसरी पायरी : रेषा कशी पडली ते ओळखा

अम्लरेखनात चित्रकार तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ आणि डांबरासारख्या द्रव्यांचा पातळ थर देतो. त्या थरावर सुईने चित्र काढले, की जिथे सुई फिरली तिथे तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात ठेवला, की आम्ल फक्त उघडे तांबे खाते आणि खाच तयार होते. पत्रा जितका अधिक वेळ आम्लात राहील तितकी खाच खोल होते आणि छापलेली रेषा तितकी काळी येते. दूरचे कुरण फिकट हवे असेल, तर तेवढा भाग थोड्या वेळानंतर वार्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडतात. एकाच चित्रातील फिकट आणि गडद रेषा म्हणजे वेळेच्या कमी-अधिक मात्रा असतात.

‘तीन झाडे’मध्ये याखेरीज आणखी दोन हत्यारे वापरली आहेत. एक म्हणजे ड्रायपॉइंट. त्यात आम्ल न वापरता टोकदार सुईने थेट तांब्यावर ओरखडा काढतात. ओरखड्याच्या कडेला तांब्याचा खरखरीत कंगोरा उठतो, त्यात शाई अडकते आणि रेषा मखमलीसारखी मऊ, थोडी पसरट छापली जाते. हा कंगोरा नाजूक असतो आणि काही डझन प्रतींतच दबून जातो, म्हणून अशा मऊ काळेपणावरून प्रत सुरुवातीची आहे असे अनुमान करता येते. दुसरे हत्यार म्हणजे ब्युरिन, ही उत्कीर्णनाची, म्हणजे धातूवर थेट कोरण्याची छिन्नी. ती तांबे खरवडून बाहेर काढते. तिची रेषा स्वच्छ, ताठ आणि टोकाशी निमुळती होत गेलेली असते, तर आम्लाच्या रेषेचे टोक बोथट असते.

भिंग घेऊन चित्राच्या तीन जागा पाहाव्यात. वरच्या डाव्या भागातील पाऊस सरळ, तिरक्या, एकमेकींना समांतर रेषांचा आहे. रेषा जणू पट्टी ठेवून ओढल्या आहेत. त्याच्या उजवीकडील ढग मोकळ्या हाताने गोलाकार फिरवलेल्या रेषांचे आहेत. उंचवट्याच्या पायथ्याची झुडपे मात्र एकमेकींवर इतक्यांदा टाकलेल्या रेषांची आहेत, की रेषा दिसेनाशी होऊन अंधारच उरतो. पाऊस, ढग आणि झाडी या तिघांना तीन वेगळे हस्ताक्षर आहे, असे मला वाटते. कुठे घाई केली, कुठे रेंगाळले आणि काय मुद्दाम झाकले, हे चित्रकार आपल्याला या हस्ताक्षरातून सांगतो.

याच वेळी चित्रावरील अक्षरे वाचून घ्यावीत. येथे डाव्या खालच्या बाजूला सही आणि १६४३ हे वर्ष अस्पष्टपणे कोरलेले आहे. सहीपुढचे ‘एफ’ हे अक्षर ‘फेकिट’ या लॅटिन शब्दाचे आहे आणि त्याचा अर्थ ‘याने केले’ असा होतो. इतर अनेक जुन्या चित्रांखाली दोन नावे असतात. एकापुढे ‘डेलिन’ म्हणजे रेखाटणारा आणि दुसऱ्यापुढे ‘स्कल्प्ट’ म्हणजे पत्रा कोरणारा. आपल्याकडील दृश्यांच्या जुन्या मुद्राचित्रांबाबत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. वेरूळच्या लेण्यांची रेखाटने जेम्स वेल्स यांनी केली, ते १७९५ साली वारले आणि १८०३ साली त्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यांनी २४ चित्रांचा संच इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. अशा चित्रात कडेला दिसणारा वाटसरू कोणी पाहिला आणि कोणी कोरला, हे वेगवेगळे विचारावे लागते. रेम्ब्रांटच्या बाबतीत पाहणारा आणि कोरणारा एकच आहे, त्यामुळे रेषेवर अधिक भार टाकता येतो.

तिसरी पायरी : माणसे मोजा

वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करावेत. डावीकडे ‘दिसते’ आणि उजवीकडे ‘वाटते’ असे लिहावे. चित्राचे मनाने नऊ चौकोन करावेत आणि डाव्या वरच्या चौकोनापासून एकेक चौकोन भिंगाखाली किंवा पडद्यावर मोठा करून पाहावा. जे आढळेल ते डाव्या रकान्यात साध्या शब्दांत नोंदवावे. ‘काठावर एक माणूस बसला आहे, त्याच्या हातात लांब काठी आहे, काठी पाण्याकडे झुकली आहे’ हे डावीकडे जाईल आणि ‘तो निवांत आहे’ हे उजवीकडे जाईल. पहिल्या फेरीत उजवा रकाना शक्यतो रिकामाच राहू द्यावा.

हे चित्र सुमारे २१ सेंटिमीटर उंच आणि २८ सेंटिमीटर रुंद आहे. रेम्ब्रांटच्या निसर्गविषयक अम्लरेखनांत ते सर्वांत मोठे असले, तरी वहीच्या पानापेक्षा फार मोठे नाही. त्यात माथ्यावरची गाडी नखात मावेल एवढी आहे. एवढ्या जागेत चित्रकाराने भरलेली गाडी दाखवली आहे, म्हणजे ती तिथे सहज आलेली नाही. प्रत्येक आकृतीबद्दल तीन गोष्टी लिहाव्यात : ती कुठे आहे, किती उजेडात आहे आणि कशाकडे तोंड करून आहे. गळ टाकणारा पुढच्या काठावर आहे. गाडी आकाशाच्या उजळ पार्श्वभूमीवर आहे. चित्र काढणारा माणूस अगदी उजव्या टोकाला, आपल्याकडे पाठ करून, पाऊस आणि शहर या दोहोंकडे न पाहता बसला आहे. प्रेमी युगुल सर्वांत जवळ असूनही सर्वांत झाकलेले आहे. जवळची माणसे अंधारात आणि दूरची गाडी उजेडात, ही मांडणी नोंदीत आल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढच्या सगळ्या अर्थाचा पाया तोच आहे.

चौथी पायरी : चित्र उलटे करून पाहा

पत्र्यावर जसे काढले त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखे चित्र कागदावर उमटते. सही सुलट यावी म्हणून चित्रकाराला ती पत्र्यावर उलटी लिहावी लागते. स्थळाबाबत मात्र रेम्ब्रांट ही काळजी घेत बसत नसे. साधारण १६४० च्या त्याच्या ‘ॲमस्टरडॅमचे दृश्य’ या अम्लरेखनात शहर डावे-उजवे उलटलेले आहे. १६५१ च्या, हार्लेमजवळ कापड पांढरे करण्यासाठी पसरण्याची मैदाने दाखवणाऱ्या चित्रातही तसेच आहे. त्यामुळे ‘हे शहर कोणत्या बाजूने पाहिले असेल’ किंवा ‘हा माणूस डावखुरा आहे का’ असे प्रश्न पडले, की प्रतिमा संगणकावर उलटी करून मगच विचार करावा. मांडणीचा विचार करताना मात्र कागदावर उमटलेली बाजूच खरी धरावी, कारण चित्रकाराने लोकांसमोर ठेवली ती तीच. आपली नजर डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि येथे ती पावसातून निघून झाडांपाशी पोहोचते.

पाचवी पायरी : मुलूख, वाट आणि काम समजून घ्या

येथे मराठी वाचकाने सर्वांत जास्त सावध राहायला हवे. काळे ढग आणि तिरका पाऊस पाहिला, की आपल्या मनात आधी दिलासा येतो, कारण आपली शेती पावसाची वाट पाहणारी आहे. रेम्ब्रांटच्या हॉलंडमध्ये नाते उलटे होते. तिथला बराच मुलूख समुद्रसपाटीच्या आसपास किंवा त्याखाली आहे आणि पाणी बाहेर काढणे हेच तिथल्या शेतकऱ्याचे पहिले काम होते. कोकणातील खारजमीन किंवा गोव्यातील खाजन ज्यांनी पाहिले आहे त्यांना बांध घालून राखलेल्या जमिनीची कल्पना चटकन येईल. फरक असा, की खाजनातील पाणी ओहोटीच्या वेळी मानशीच्या दारातून आपोआप बाहेर जाते, तर डच पोल्डरमधील, म्हणजे बांध घालून कोरड्या केलेल्या सखल जमिनीतील पाणी पवनचक्क्यांनी उपसून वर चढवावे लागे. बेम्स्टर हे मोठे सरोवर १६१२ मध्ये चाळीसहून अधिक पवनचक्क्या लावून कोरडे केले गेले, आणि चित्र त्यानंतर अवघ्या एकतीस वर्षांचे आहे. म्हणून या चित्रातील सपाट कुरण पाहताना ‘निसर्ग’ हा शब्द जपून वापरावा, कारण अशी जमीन बहुधा माणसाने घडवलेली आणि रोज राखलेली असते. अशा मुलखात उंचवटा दिसला, की तो बांध तर नाही ना, असा प्रश्न स्वतःला विचारावा. बांध पाणी अडवतो आणि त्याच्या माथ्यावरून वाटही जाते, म्हणून गाडी तिथे असण्याला कारण मिळते.

दूरच्या शेतात नांगर नाही, गुरे आहेत. यालाही कारण आहे. ओलसर जमिनीत धान्यापेक्षा गवत चांगले येते. ॲमस्टरडॅमला लागणारे पुष्कळ धान्य बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून जहाजांनी येत असे आणि जवळच्या खेड्यांचा भर लोणी, चीज आणि दूध यांवर होता. क्षितिजावर दिसणारे शहर सर्वसाधारणपणे ॲमस्टरडॅम मानले जाते. शहर आणि कुरण यांच्यामधले अंतर त्या मुलखात रोज तुडवले जाई, आणि चित्रातील मोकळी सपाटी तशी वाचली की ती रिकामी वाटत नाही.

प्रवासाच्या साधनांचाही विचार करावा. १६३२ साली ॲमस्टरडॅम आणि हार्लेम यांच्यामध्ये घोड्याने काठावरून ओढायच्या प्रवासी नावांसाठी सरळ कालवा खुला झाला आणि त्या नावा ठरलेल्या वेळी सुटत. म्हणजे चित्राच्या काळात वक्तशीर जलप्रवास उपलब्ध होता आणि तरीही चित्रकाराने माथ्यावर गाडी ठेवली आहे. गाडीतली माणसे कामावरून परतत आहेत की सहलीला निघाली आहेत, हे ठरवण्याइतका तपशील चित्रात दिलेला नाही. म्हणून डाव्या रकान्यात ‘माणसांनी भरलेली गाडी’ एवढेच राहू द्यावे. गळ टाकणाऱ्याचेही तसेच. मासे धरणे हे पोटासाठीही असते आणि विरंगुळ्यासाठीही. कामाची खूण शोधताना अवजार, ओझे, शरीराचा वाक आणि कामाची जागा या चार गोष्टी पाहाव्यात. त्यांपैकी दोन तरी सापडल्या तरच ‘श्रम’ हा शब्द वापरावा. या कसोटीवर गुराखी निश्चित बसतात, गळ टाकणाऱ्याबाबत निश्चित सांगता येत नाही, आणि पाठमोरा चित्रकार विचार करायला लावतो. त्याच्या गुडघ्यावर काम आहे आणि तो आपल्या कामाच्या जागी बसला आहे. रेम्ब्रांटने कष्टकऱ्यांच्या मुलखात स्वतःच्या पेशाचाही एक माणूस कामाला बसवला, ही मला या चित्रातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

सहावी पायरी : हवामान आणि वेळ

पाऊस येत आहे की ओसरत आहे, यावर या चित्राचा सूर अवलंबून आहे आणि जाणकारांनी दोन्ही मते मांडली आहेत. उत्तर ढगांत शोधण्याआधी माणसांत शोधावे. कोणी धावत नाही, कोणी डोक्यावर काही ओढून घेतलेले नाही, कोळ्याने गळ आवरलेला नाही आणि चित्रकाराने कागद गुंडाळलेला नाही. झाडांमागचे आकाश उजळ आहे. यावरून पाऊस सरत असल्याकडे माझा कल झुकतो, पण ही नोंद उजव्या रकान्यातली आहे आणि तशीच राहावी.

सातवी पायरी : आता अर्थ

चित्रावर दोन मोठे अर्थ लादले जातात. पहिला असा, की उंचवट्यावरची तीन झाडे म्हणजे येशूच्या क्रूसारोहणातील तीन क्रूस. दुसरा असा, की रेम्ब्रांटची पत्नी सास्किया १६४२ च्या जूनमध्ये वारली आणि पुढच्याच वर्षीचे हे वादळ त्या दुःखाचे आहे. दोन्ही अर्थ लगेच झिडकारू नयेत, पण दोन्हींना वहीतल्या डाव्या रकान्यासमोर उभे करावे. तीन क्रूस मानायचे, तर त्यांच्याच पायथ्याशी लपलेले प्रेमी युगुल आणि माथ्यावरून जाणारी गाडी यांचे काय करायचे, हे त्या अर्थाला सांगता आले पाहिजे. दुःखाचा अर्थ लावायचा, तर वादळाखाली इतकी माणसे आपापल्या उद्योगात स्वस्थ का आहेत, याचे उत्तर हवे. नोंदवलेल्या आकृतींपैकी निम्म्याहून अधिक ज्या अर्थात बसत नाहीत, तो अर्थ मी बाजूला ठेवतो. या कसोटीवर मला टिकाऊ वाटते ते इतकेच, की आकाशातील मोठ्या घडामोडीखाली माणसांचे प्रेम, काम आणि येणे-जाणे चालू आहे, आणि ते पाहणाऱ्याच्या कष्टाशिवाय दिसू नये अशी चित्रकाराने योजना केली आहे.

शेवटी सगळ्याची एक लेखी नोंद करावी. ती दहा ओळींहून मोठी नसावी आणि तिच्यात कागद, रेषा, माणसे, मुलूख व अर्थ हा क्रम पाळावा. माझ्या वहीतली नोंद अशी आहे : “तीन झाडे, रेम्ब्रांट, १६४३, बार्त्श २१२. पडद्यावरील छायाचित्रावरून पाहिले, कागद हाताळलेला नाही. अम्लरेखन, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन. पाऊस ताठ रेषांचा, ढग गोल फिरवलेले, झुडपे रेषांवर रेषा टाकून काळी केलेली. काठावर गळ टाकणारा पुरुष व बाई. कुरणात गुरे व राखणारे. माथ्यावर भरलेली गाडी. उजव्या टोकाला पाठमोरा चित्रकार. झुडपात दोघे, तिसऱ्या फेरीत सापडले. उंचवटा बहुधा बांध. पाऊस सरत असावा. गाडी कुठे चालली आहे ते चित्रात नाही.”